पसंतीचा रकाना

शुक्रवारपर्यंत भरून द्यायचा आहे फॉर्म.
रकाना सातवा: शिलाँगला रुजू होण्यास तयार आहे / नाही.
नको ते खोडावे.

नको ते.
चार दिवस झाले, पेन हातात घेते
आणि किराण्याची यादी करून उठते.

बढती आहे. एकवीस वर्षांनी.
नंदनवारबाई मागच्या साली गेल्या तिकडे.
फोनवर म्हणाल्या, पंखा कसला लावतेस,
भर मे महिन्यात रजई घेऊन झोपतो आम्ही.
मग जरा थांबून,
फक्त काही वाळत नाही गं इथं.
टॉवेलला तीन दिवस. चपलेवर बुरशी.
पापडांचा तर मी विचारच सोडला.

इथं काय वाळत नाही?
सकाळी गच्चीत घातलेल्या कुरड्या
बाराला पत्र्यासारख्या वाजतात.
साडीचं एक टोक दोरीवर सरळ करावं
तोवर दुसरं कोरडं.
भांडणंसुद्धा. सकाळचं दुपार गाठत नाही,
बोलायचं त्राणच उरत नाही कुणात
आणि कुणीतरी उठून
माठातलं पाणी आणून समोर ठेवतं.

गोळीबार चौकाच्या अलीकडे दुकान आहे नवऱ्याचं.
पराते कूलर. भाड्याने व दुरुस्ती.
त्याचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं:
गवताच्या नव्या ताट्या, पंपांचे वायसर,
लग्नाच्या लॉनवर पोचवायचे मोठाले पत्र्याचे कूलर,
एका हातगाडीवर चार.
जूनपर्यंत त्याच्या शर्टाला ओल्या गवताचा वास.
लग्नानंतर दोन उन्हाळे मला तो सहन व्हायचा नाही.
आता रस्त्यानं जाताना
कुणाच्याही खिडकीत कूलर सुरू झाला
की मान वळते.

शिलाँगमध्ये कूलरचं दुकान म्हणजे...
पुढची उपमा मी शोधली नाही.
ती त्याला आधीच सुचली असेल, या भीतीनं.

सांगितलं तेव्हा पाना खाली ठेवून म्हणाला,
"जाय न. काहून नाही जात?"
"अन् तुम्ही?"
"मी पाहून रायलो."
काय पाहून राहिलात, ते विचारलं नाही.

अकाउंट्समध्ये आहे मी, दोन बाजू मांडायची सवय.
डाव्या बाजूला वाढलेला पगार, क्वार्टर,
आणि ओवी, जी बारावीची पुस्तकं सोडून
तिकडचे फोटो बघत बसते.
ढग खिडकीतून घरात येतात म्हणे, आई.
आले तर बसवायचे कुठं, मी म्हटलं,
आणि ती हसली नाही.
उजव्या बाजूला
रात्री अकरानंतर थोडी निवणारी फरशी,
तिच्यावर पाठ टेकून ऐकलेली
शेजारच्या हेडाऊंची खोकल्याची उबळ.
हिची किंमत किती लावायची?
बेरीज रोज वेगळी येते.

काल सेहेचाळीस पार.
ऑफिस लवकर सुटलं.
घरात शिरले तर कूलर बंद,
मागच्या खोलीचं दार ओढलेलं.
आत हा उकिडवा बसलेला, अंगात नुसती बनियन,
आणि पुढ्यात भंगारातून आणलेला
रॉडचा जुना हीटर,
लालबुंद.

हनुवटीवरून घाम टपकत होता फरशीवर,
थेंबाचा डाग दिसायच्या आत जात होता.

"पाण्यापाशी हे नको, म्हणून बंद केला कूलर,"
वळूनही न बघता म्हणाला.
"वायरिंग सारखीच असते. पंप तेवढा नाही यात.
पंपाशिवाय किती सोपं आहे, पाय."

मी पर्स न उतरवता त्याच्याजवळ बसले.
तोंडावर झळ येत होती,
बाहेरच्यापेक्षा वेगळी, एकाच बाजूनं येणारी.
फॉर्म पर्समध्येच होता, चार घड्यांचा.
काढला नाही.

त्यानं बटण बंद केलं.
रॉड काळा पडायला बराच वेळ घेतो.
तोवर आम्ही दोघं
त्याच्याकडेच बघत होतो.