उरलेला त्रिकोण

सन चौऱ्याऐंशी. ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या बारीक पेनानं,
कोपरखैरण्याच्या एका सेक्टरात
मी एक गोल काढला होता.
मधे कारंजं, भोवती आठ बाकं, एक ध्वजस्तंभ,
आणि वळणदार अक्षरांत: सांस्कृतिक चौक.
खाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरं, इतकी बारीक
की भिंगाशिवाय दिसू नयेत.

त्या दिवशी धाकटीला गोवर निघाला होता.
पट्टी सरकली असेल, किंवा मीच.
गोल तीन मीटर पूर्वेला गेला
आणि रस्ता, नाला, गावठाणाची हद्द यांच्या मधे
एक त्रिकोण उरला,
चण्याच्या पुडीसारखा, टोकाला मुडपलेला.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, उरलंय.
त्यांनी हिरव्या पेन्सिलीनं तिरप्या रेघा मारल्या
आणि चहाला गेले.

कारंजं एकदाच उडालं, उद्घाटनाला.
मग त्यात डास झाले, मग माती, मग तुळस,
मग तुळशीभोवती ग्रिल आणि ग्रिलला कुलूप.
बाकांवर बसून कुणी सांस्कृतिक झालं नाही.

माणसं त्रिकोणात आली.
आधी नामीबाई म्हात्रे, करंदीची पाटी घेऊन.
गोलात सावली आहे, तिथं बसा, मी म्हणालो,
नवीन होतो, सांगायची हौस होती.
ती म्हणाली,
"आमचा खला व्हता यो. भात झोरायचो.
तुमी आता रेघा मारल्या."

मग चावीवाला इस्माइल, ज्याला अख्ख्या सेक्टरची कुलपं तोंडपाठ
आणि जो कुणाच्याच घरी कधी गेला नाही.
मग मार्केटातून परतणारे माथाडी,
पाठीवरचा घाम वाळेपर्यंत नाल्याच्या कठड्यावर.
आनंदा शेडगे मोठ्यानं पेपर वाचायचा,
अडेल तिथं पदरची बातमी घालायचा;
पाटणला रेल्वे त्यानं तीनदा आणली.

मग एक फळा.
कोण गेलं, पाणी कधी जाणार,
कुठल्या गटाचं रक्त हवंय,
सगळं एकाच खडूनं.

भाद्रपदात मांडव, एप्रिलात निळे झेंडे,
मोहरमला सरबताचा पिंप, फाल्गुनात आगऱ्यांची होळी,
आणि प्रत्येक वेळी तेच भांडण:
वायर कुणाच्या मीटरवरून ओढायची.
ओढली जायची. कुणाच्या, ते अजून माहीत नाही.

एका संध्याकाळी सुलक्षणा कांबळे
सफरचंदाच्या खोक्यावर चढली. बारावीला होती.
म्हणाली, बायकांनी चौकात बसावं म्हणता,
बसू. आधी जायचं कुठं ते सांगा.
पुरुष हसले. मग हसायचे थांबले.
शौचालय तीन वर्षांनी आलं.
गोलात. कुलपासकट.

आता महापालिकेचा पोरगा आलाय, ड्रोन घेऊन.
काका, जुन्या नकाशात चूक आहे, तीन मीटरची.
दुरुस्त करतोय. बघा.
पडद्यावर गुळगुळीत फरशी, दिव्यांची फुलपाखरं,
आणि करडी माणसं, चेहऱ्यावाचून, अंतर राखून चालणारी.
मी त्यांच्यात नामीबाई शोधली.
कुणाच्याच डोक्यावर काही नव्हतं.

कोण होता हो तेव्हा ड्राफ्ट्समन? त्यानं विचारलं.
भिंग नव्हतं त्याच्याकडे.
मी माझी आद्याक्षरं सांगितली.
तो ओशाळला. म्हणाला, तसं नाही, होतं असं कधी.

हो. होतं.

वळणदार अक्षर आता जमत नाही, हात थरथरतो,
इस्माइलच्या नातवानं खाली स्टूल धरलं होतं.
फळ्यावर, एका हरवलेल्या मांजरीच्या खाली, मी लिहिलं:
उद्या सात वाजता. इथेच.
विषय, तीन मीटर.

खडू पुसायला रुमाल काढला
तर कठडा भरलेला, टोकापासून टोकापर्यंत.
कुणीतरी म्हणालं,
या, सरकतो.