रीडिंग

अलकापुरीत कुत्री मला ओळखतात,
माणसं मीटर ओळखतात.
दर दोन महिन्यांनी फाटकाची कडी वाजवली
की आतून हाक जाते, "लाइटवाळो आव्यो!"
आणि मी, चंद्रसेन शिर्के, बाबाजीपुऱ्यातला,
मधुमालतीच्या जाळीत कोपरापर्यंत हात घालून
पेटीचं झाकण शोधतो.
आकडे मनात मराठीत वाचतो,
तोंडाने गुजरातीत सांगतो.

रुळांच्या त्या अंगाला बाकीचं शहर, या अंगाला हे बंगले,
मध्ये गरनाळं.
पाणी भरलं की श्रीमंतीचं बेट होतं,
दुधाच्या पिशव्यासुद्धा वळसा घालून येतात.
एका पुरात अकरा नंबरच्या पोर्चमध्ये
गाडीशेजारी, शिस्तीत, मगर पार्क झालेली.
मी नोंदवलं: मीटरपर्यंत पोचता आलं नाही. कारण, मगर.
साहेब म्हणाले, असा कोड नाही,
'घर बंद' लिही.

सतरा नंबरचे शेठ सांगतात, एसी आम्ही लावतच नाही,
पेटीतला तांबडा ठिपका तेव्हा
माझ्याकडे बघून डोळा मारत असतो.
बावीसमध्ये खालच्या मजल्याचा मीटर वेगळा झाला,
वरच्या मजल्याचा वेगळा.
संसार मोडल्याचं मला
वकिलाच्या आधी कळलं.

तिथल्या बाहेरच्या जिन्यावरून,
झाडं छाटलेली असली तर,
आर्ट्सचा घुमट दिसतो. फार लांब, धुरकट,
राजवाड्याचा मनोराही दिसतो असं मला वाटतं.
माझे आजोबा तिथल्या झुंबरांचे लोलक
रिठ्याच्या पाण्यात धुवायचे.
एकही फुटला नाही कधी, एवढंच त्यांचं पदक.
म्हणायचे, त्या उजेडाचं रीडिंग
कुणी घेतलं नाही, बाळ.
मी जिन्यावर जरा जास्तच वेळ थांबतो.
मग कुत्रं भुंकतं.

'निराली' बंगला.
मालक न्यू जर्सीत. आकडा ४४१७.
नऊ वर्षं ४४१७.
न बघता लिहिता आलं असतं, पण बघायचो,
देवळावरून जाताना चप्पल न काढता
नुसतं मान लववतो ना, तसं.

या मार्चात ४४२०.

पुन्हा पुसून पाहिलं. काच ठीक होती.
तीन युनिट.
चाळीसचा बल्ब, पंचाहत्तर तास,
रात्रीचे तीन धरले तर पंचवीस दिवस.
मागच्या पायरीवर पेन्सिलीच्या ताज्या साली,
आणि खडूने फरशीवर काढलेलं वर्तुळ,
त्याला बाहेरून टेकलेली एक रेघ,
पाऊल पुढे टाकताना मी ते ओलांडलं.
वॉचमन मानसिंग बारिया, दाहोदकडचा,
माझ्याकडे पाठ करून
पाइपाने रिकाम्या वाफ्याला पाणी घालत होता.
बराच वेळ घालत होता.
"रमिलाची परीक्षा कधी संपते?" मी विचारलं.
तो म्हणाला, "गणित राहिलंय."

मी ४४२० लिहिलं.
खोटं रीडिंग मी घेत नाही, मगरीचं सोडून.
किमान आकारात तीन युनिट अशी बुडतात
की न्यू जर्सीत पाण्यावर तरंगही उठत नाही.

मे महिन्यात फाटकावर दुसराच माणूस.
मानसिंग? माहीत नाही, एजन्सीला विचारा.
फरशी धुतलेली. आकडा ४४२०.
टाचा उंचावून खिडकीतून आत पाहिलं,
जिन्याखाली होल्डर लोंबत होता.
बल्ब
काढून नेलेला.