खरवड

शुआनहानच्या डोंगरात, गोदामाच्या तिसऱ्या फळीवर
पाच हजार एकशे बेचाळीस मीटरची खोली
पत्र्याच्या एका पेटीत आडवी पडली आहे.
रान युन्शिऊ पेटीवरची धूळ पुसते,
दगडाचा दांडा काकडीसारखा उचलते
आणि नळाखाली धरते.
ओला झाला की बोलतो, म्हणते. कोरडा असला की नुसता दगड.

पांढुरका डोलोमाइट, सुईच्या टोकाएवढी छिद्रं,
आणि प्रत्येक छिद्रात, कडेकडेनं,
काळं काहीतरी. चकचकीत. नखानं निघत नाही.

"हे तेल होतं,"
शेजारीण एके काळी चांगल्या घरची होती
हे सांगावं, तशी ती सांगते.

समुद्रातलं शेवाळ गाळात पुरून, शिजून झालेलं,
लांबच लांब साखळ्यांचं जड तेल
इथे येऊन निवांत बसलं होतं.
वरून गाळ पडत राहिला.
घाई कुणालाच नव्हती.
शंभर मीटर खाली गेलं की तीन अंश,
आणखी शंभर, आणखी तीन,
चार हजार, सहा हजार, सात.

"आच किती म्हणशील?
मिरचीचं तेल करताना कढईत असते तेवढीच.
फक्त कढई उतरवायला कुणी आलं नाही.
कोटी कोटी वर्षं."

आधी साखळीची मधलीच कुठलीतरी कडी सुटते.
सोळातले सात इकडे, नऊ तिकडे.
मग साताचे तुकडे, नवाचे तुकडे,
जडाचं पातळ, पातळाचा वायू,
आणि शेवटी एकच कार्बन, अंगाला चिकटलेले चार हायड्रोजन.
त्याहून लहान होता येत नाही.

अडतं ते वाटणीत.
हायड्रोजन मोजकाच. बाहेरून कुणी आणून देत नाही.
सुटून जाणारा प्रत्येक जण चार घेऊन जातो,
मग राहणाऱ्यांच्या वाट्याला काय?
ते एकमेकांना धरतात, सहा-सहाच्या कड्यांत,
थरावर थर रचतात, घट्ट होतात,
काळे होतात.

वायूला जागा जास्त लागते, छिद्र तर तेवढंच.
म्हणून दगडाला ही केसाएवढी चीर.
युन्शिऊ ती बोटानं दाखवत नाही,
भिंगाखाली दांडा फिरवते आणि थांबते.

मी विचारलं, तुमची मुलगी शेन्झेनला असते ना?
तिनं भिंग खाली ठेवलं.
"तू माणसांवर आणणार, वाटलंच होतं.
माझी यिंगचुन दर महिन्याला पैसे पाठवते.
मिथेन काय पाठवतो?"
आणि हसली, पुढचा दात नसलेलं.

मग भोंगा वाजला. सरावाचा, बुधवारचा.
खालच्या वस्तीतली माणसं तोंडाला ओलं फडकं लावून
चढ चढू लागली, म्हातारे आधी,
एक जण बदकांची टोपली घेऊन.
वायूबरोबर गंधकही येतो इथे,
सडक्या अंड्याचा वास; आणि तो वास यायचा थांबला
तर जास्त भ्यायचं.
आम्हीही चढलो. वर उभे राहिलो.
विहिरीवरच्या जाळाकडे कुणी बघत नव्हतं,
बदकं मोजत होते.

परत आल्यावर तिनं मागच्या खोलीत शेगडी लावली.
निळी ज्योत, काजळीचं नाव नाही.
भात झाला, तळाला लागला.
उलथन्यानं खरवड सोडवायला तिला वेळ लागला,
पण अख्खी निघाली, चंद्रकोरीएवढी, तपकिरी,
कडेला काळी.
"ही पाहुण्याची," म्हणाली,
आणि मोडून अर्धी स्वतः घेतली.

आम्ही कुरकुर खात होतो.
खिडकीत ठेवलेला दगड
एका टोकाकडून वाळत चालला होता.