खाडा

मकरपुऱ्याच्या त्या कारखान्यात
एकोणतीस वर्षं मी लोकांचे दिवस लिहिले.
हजेरीला निळी शाई, खाड्याला लाल.
अक्षर चांगलं म्हणून लागलो,
अक्षर चांगलं म्हणूनच टिकलो.

आता कोर्टाचा कागद आलाय.
साक्षीदार क्रमांक चार : दिनकर शिवराम घोरपडे,
निवृत्त टाइमकीपर, राहणार नवापुरा.
मस्टरं कंपनीनं आधीच भरली आहेत,
तुम्ही फक्त सांगायचं, अक्षर कुणाचं.

माझंच.
वेलांट्यासुद्धा माझ्याच.

दोनशे एकोणचाळीस.
हा आकडा मला तोंडपाठ नव्हता, हाताला पाठ होता.
दोनशे चाळिसावा दिवस कुणाचा उजाडू द्यायचा नाही
असं कुणी लेखी दिलं नव्हतं.
परमारसाहेब केबिनच्या काचेवर
पेनानं दोनदा टकटक करायचे, एवढंच.
मग फतेसिंग पढियारच्या ओळीत
मी बारा लाल खाडे मांडायचो,
आणि पुढच्या पानावर तोच फतेसिंग
नवा कामगार म्हणून रुजू.
अठरा वर्षांत सव्वीस वेळा नवा झाला तो.
मिशी पांढरी झाली तरी नवा.
नातवाच्या बारशाचे पेढे घेऊन आला
तेव्हा तर नोकरीचा तिसराच दिवस होता त्याचा.

सुमन इंगळे कॉइल गुंडाळायची.
तांब्याच्या तारेनं तिच्या तर्जनीवर
एक चर पडली होती, अंगठीसारखी.
तिचे खाडे मी दिवाळीला धरून टाकायचो,
तेवढीच बाईला सुट्टी, असं स्वतःला समजावत.
एकदा खिडकीशी आली.
"घोरपडेकाका, मी आजारी नव्हते, गावाला नव्हते.
ते बारा दिवस मी कुठं होते, तेवढं सांगा."
मागं रांग होती.
मी म्हणालो, पुढचा कोण?

कुठं होती ते मला ठाऊक होतं.
ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर खाड्यासाठी थांबत नाही.
मागच्या फाटकानं आत, मागच्या फाटकानं बाहेर,
शनिवारी लिफाफा,
त्यावर ना नाव, ना सही.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर
माझ्या शेजारी भोगीलाल चहावाला.
साक्षीदार क्रमांक पाच.
मांडीवर लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपड्या,
दोरीनं बांधलेल्या, उंदरानं एक कोपरा खाल्लेला.
"जुओ ने, घोरपडेभाई," म्हणाला, आणि उघडली.
त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ.
फतेसिंग, बे अडधी.
सुमनबेन, एक, खांड ओछी.
इलियास मन्सूरी, बाकी सव्वा रुपिया.
तारखा पाहिल्या.
माझे लाल दिवस होते ते,
सगळेच्या सगळे,
आणि दर दिवशी दहा वाजता नि चार वाजता
ही माणसं तिथं उभी राहून चहा पीत होती.

सव्वा रुपया त्यानं अजून खोडलेला नाही.

माझ्या स्वतःच्या ओळीत एकोणतीस वर्षांत
आई गेली तेव्हाचे तेवढे चार खाडे,
तेही पगारी.
पेन्शन पाच तारखेला येते.
हे मला कुणी विचारणार नाहीये,
प्रश्न फक्त अक्षराचा आहे.

पुकारा झाला.
कंपनीचे वकील तरुण, नम्र.
पान माझ्यापुढं धरून म्हणाले,
किती स्वच्छ रेकॉर्ड आहे, नाही?
मागच्या बाकावर सुमन बसली होती.
चष्मा लागलाय तिला.
मी म्हणालो, साहेब, अक्षर माझं.
आता हे खाडे कसे पडले ते सांगतो,
हळूहळू सांगतो, लिहून घ्या.
वकील उठून उभे राहिले, हरकत घेतली,
न्यायाधीशांनी हात वर केला : बोलू द्या.

टंकलेखक पोरगा टाइप करू लागला.
माझं नावच चुकवलं त्यानं पहिल्यांदा,
घोरपडेचं घोडपडे.
पडद्यावर दिसत होतं मला.
मी दुरुस्त केलं नाही,
सांगत राहिलो.

पुढची तारीख पडली आहे, एकोणीस.