पान सतरा

वार्षिक अहवाल छपाईला चाललाय.
पान सतरावर, नकाशात, एक ठिपका :
स्थानक क्रमांक नऊ.

म्हणजे कुंभारीतलं नरसव्वा बोल्लींचं पत्र्याचं घर.
यंत्र ठोकलं तेव्हा त्या म्हणाल्या,
"ह्याचं लाइट बिल कुणाला?"
पुढे रोज त्याला हळदीकुंकू.
जाळीत साचलेलं कुंकू
मी दाढीच्या ब्रशने काढत असे.

मे महिना. दुपारी तीन.
बाहेर त्रेचाळीस, आत सेहेचाळीस पूर्णांक दोन.
आलेख बघून पुण्याहून फोन :
"नऊ ते सहा घरात वारा शून्य?
सेन्सर बिघडलाय, बदला."
बिघडला नाही, मॅडम.
पंखा लावला की सुपातली तंबाखू उडते,
हजार विड्या भरत नाहीत.

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.

भागीदारी : तीन विद्यापीठं, एक महापालिका.
नरसव्वांना बसवायला रकाना नाही.
जनजागृती : बावीस शाळा.
तिथली एक पोरगी म्हणाली,
"सर, हे आईला आधीच माहीत होतं की."
हे कुठल्या मथळ्याखाली लिहू?

छापखान्यात शेवटी एवढंच केलं,
नऊचा ठिपका जरा वाढवून घेतला.
अंबादास म्हणाला, "एकच जाड दिसंल की बे."

दिसू दे.