कुर्बियूनला हंगामाचा अहवाल

ऊठ. मार्च संपत आलाय.
तळघरातल्या फ्रिजमध्ये, बिअरच्या बाटल्यांखालच्या कप्प्यात
बीचच्या सुक्या पानांत डोकं खुपसून
एकशे अठ्ठावीस दिवस झोपलास.
पुरे आता.

दर शनिवारी सकाळी, सामन्याला निघण्याआधी,
दार उघडून मी तुला हवा दिली,
पिठाच्या काट्यावर तोललं.
नोव्हेंबरात चौदाशे दहा ग्रॅम,
आज तेराशे बावीस.
आपल्या संघाने याहून जास्त गमावलं
आणि तो तर जागा होता म्हणे.

कोमट पाण्यात बस आणि ऐक.
आधी दोन बरोबऱ्या, मग श्टेर्कराडेकडून चार-शून्य.
डिसेंबरात मैदान गोठलं, सगळे सामने रद्द.
तो आमचा सगळ्यात चांगला महिना.
जानेवारीत डेटलेफने प्रशिक्षकपद सोडलं.
म्हणाला, माळ्यावर माझी छोटी आगगाडी आहे,
तिथे निदान सांगितलं की डबे सांगितल्या दिशेने जातात.
नवा आला, तरुण, हातात टॅब्लेट,
बाणांची चित्रं काढून दाखवायचा.
एक सामना जिंकलो.
मग ये रे माझ्या मागल्या.

तुझं नाव बाबांनी ठेवलं, हे तुला माहीतच आहे.
त्रेसष्टच्या संघातला मधला बचावपटू कुर्बियून,
पहाटेची पाळी करून खाणीतून थेट यायचा,
मैदानात उभा राहायचा
आणि शक्यतो हलायचा नाही.
"पण त्याला ओलांडून कुणी गेलं नाही,"
बाबा म्हणायचे.
सगळेच जायचे.
ग्रंथालयातल्या जुन्या पेपरात मी मोजलं,
त्या वर्षी एकसष्ट गोल खाल्ले.
बाबांना सांगितलं नाही.
तुला सांगतेय, मनावर घेऊ नकोस.

आता फेब्रुवारीतला दुसरा शनिवार.
त्या दिवशी मी गेले नाही.
फ्रिडहेल्म आठवतो? नाही, तू कधी स्टँडमध्ये आलाच नाहीस.
बावीस वर्षं माझ्या डावीकडे.
थर्मासचं झाकण भरून कॉफी पुढे करायचा, न विचारता,
आणि पंचाला शिव्या द्यायचा, तेही हळू आवाजात,
जणू पंचाच्या आईला ऐकू जाऊ नये.
त्याचं आडनाव मला
पेपरातल्या काळ्या चौकटीत कळलं.

त्याचा रेडिओ माझ्या टेबलावर होता, दुरुस्तीला दिलेला.
एक वाल्व बदलायचा राहिला होता.
त्या शनिवारी तो बदलला, तीनला लावला.
पाचव्या विभागाचा सामना कोण प्रक्षेपित करणार?
उत्तर समुद्रावरचं हवामान सांगत होते,
वारा वायव्येचा, लाटा अडीच मीटर.
नव्वद मिनिटं ऐकलं.
मध्यंतराची पंधरा धरून.
निकाल मी अजून विचारलेला नाही.
तुला सांगायचं तर एवढी एक जागा रिकामीच राहील.

हां, मान बाहेर काढलीस. शाबास.
आठ सामने उरलेत, आपण तळापासून दुसरे.
सगळ्यांनी देव पाण्यात ठेवलेत.
मी तुला ठेवलंय.

दुसऱ्या मजल्यावरची सेव्हदा आलीय बघ,
मुलींच्या संघाची गोलकीपर, वय नऊ.
घरातही हातमोजे काढत नाही,
त्या जाड बोटांत तुझ्यासाठी डँडेलियनचं पान.
"फ्राउ सोबोटा, त्याला सांगितलंत का,
आपण खाली घसरणार ते?"
म्हटलं, हळू. त्याला आधी खाऊ दे.

नोव्हेंबरात तुझा कप्पा लावताना
बाबा म्हणायचे, ग्ल्यूकाउफ.
खाणीत उतरणाऱ्याला म्हणतात तसं,
सुखरूप वर ये.
मीही म्हणते. दरवर्षी. फ्रिजला.

शनिवारी घरचा सामना आहे.
सेव्हदाला यायचंय, पण बाक फार गार लागतो म्हणते.
फ्रिडहेल्मच्या बहिणीने त्याची बसायची गादी
माझ्याकडे आणून दिलीय, हिरवी-पांढरी,
एका कोपऱ्यात कॉफीचा डाग.
कपाटात आहे.
बघू.

तू खा. देठाकडून नाही रे,
इकडून.