कोरी वडी

यंत्र नवं आहे, अजून रंगाचा वास येतो.
ओउलूतला फेब्रुवारी, बाहेर उणे सव्वीस,
तळघरातला पंप रात्रभर हवा उपसतोय
नळीत काहीच उरू नये म्हणून.

आधी कोळसा. कोट्यवधी वर्षांचा,
ज्यात मोजण्यासारखं काही शिल्लक नाही.
तरी पडद्यावर एक ठिपका उमटला,
बऱ्याच वेळानं आणखी एक.
"आपलाच श्वास असेल," टाउनो म्हणाला,
आणि तोंडावर हात ठेवून हसला.
शून्यालाही धड शून्य राहता येत नाही.

मग पिर्कोची वडी.
वडलांनी केलेल्या सॉनाच्या बाकाची कड,
सालीलगतचं शेवटचं वर्तुळ,
जाळून, काळं करून, तिळाएवढं दाबलेलं.
हा तीळ सात जणांत वाटायचा नाही,
अणू अणू सुटा करून
चुंबकाच्या वळणावर पारखायचा.

पहाटे साडेचारला उत्तर आलं, तेही दुहेरी:
बासष्ट, नाहीतर चौऱ्याहत्तर.
बॉम्बच्या चाचण्यांनी भारलेली हवा
चढताना एकदा या आकड्यावरून गेली
आणि उतरताना पुन्हा.
यंत्राचा दोष नाही. त्याला एवढंच कळतं.

पिर्कोनं हातमोजे काढले.
चौऱ्याहत्तरला बाबा नव्हते, म्हणाली,
आणि वहीतला एक आकडा खोडला,
पेन्सिलीनं, खालचं वाचता येईल इतपत.

टाउनो कॉफी ओतत होता.
चक्रीत पुढची वडी फिरून आली,
पुन्हा कोळसा.